कुरडईसाठी शीआनपर्यंत

आक्कांचा उजवा हात वर्षभरापासून खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून आम्ही चीनला गेलो. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण कारण खरंच एवढंच आहे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, हिराबाई. काष्टीला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही दोघी जावा आणि गल्लीतल्या काही बाया मिळून उन्हाळाभर कुरडया करतो. गहू भिजवणं, चीक काढणं, तो शिजवणं हे आक्कांचं काम. पाकिटं, वजन, पुण्यातल्या आणि नगरच्या दुकानदारांशी बोलणं हे माझं. माल जेवढा पाठवू तेवढा खपतो. अडचण एकच होती. शिजलेला चीक चटके बसतील इतका गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबावा लागतो. निवला की तो हलत नाही. दाबता दाबता आक्कांचा खांदा गेला. दुसऱ्या बाया यायच्या, चार दिवस दाबायच्या आणि "उज्ज्वलाताई, त्यापरीस कांदे काढाय गेलेलं बरं" म्हणून निघून जायच्या.

मी शेवेचं यंत्र आणून पाहिलं. चीक त्याच्या नळीतच गार होऊन बसला आणि तो खरवडून काढायला आम्हाला दुपार पुरली नाही. मग एकदा मोबाईलवर शीआन शहरातल्या एका कारखान्याचा व्हिडिओ दिसला. तिथल्या शेवयांच्या यंत्राच्या नळीभोवती वाफ खेळवलेली होती, म्हणजे आतला माल गारच होत नव्हता. मी त्यांना निरोप टाकला. त्यांचं उत्तर आलं, व्हिडिओवर बोलणी झाली. पैसे पाठवा, यंत्र पाठवतो, म्हणाले. पण आमच्या काष्टीच्या बाजारात दात बघितल्याशिवाय बैल कोणी घेत नाही, मग मी न बघता यंत्र कसं घ्यावं? मी कळवलं, आम्ही येतो. आमचा चीक तुमच्या यंत्रातून आमच्यासमोर निघाला पाहिजे.

"आम्ही" म्हटलं कारण चीक नेमका कधी झाला हे मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही. ते आक्कांनाच कळतं. घरात सगळ्यांना वाटलं, आक्का नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "येते की. पन इमानात मला खिडकी पायजे. मधल्या खुर्चीवर मी बसनार न्हाई."

शांघाय

विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोराने आक्कांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. मला वाटलं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असेल. निघाली ती गव्हाची पुरचुंडी. परदेशात धान्य न्यायचं नसतं हे मी घरी दोनदा सांगितलं होतं.

"आक्का, हे काय?"

"आपला लोकवन हाय. तितला गहू कसा आसंल कुनाला ठावं?"

तो पोरगा अतिशय नम्र होता. त्याने मान झुकवली, पुरचुंडी उचलली आणि एका झाकणाच्या पेटीत टाकली. आक्कांनी त्याला मराठीतच सुनावलं, "आरं बाबा, मूठभर गव्हानं तुमचा देस बुडतोय व्हय?" त्याने पुन्हा मान झुकवली. आक्कांच्या रागाला धरायला काही सापडेना. भांडण व्हायला समोरच्यानेही आवाज चढवावा लागतो, आणि त्या देशात आमच्यावर कोणी आवाज चढवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शीआनची गाडी धरली. स्टेशन म्हणजे एकच एक दालन, इतकं मोठं की आमचा अख्खा आठवडे बाजार जनावरांसकट आत मावला असता आणि तरी मधून टेम्पो गेला असता. फलाटावर आधी कोणाला सोडत नाहीत. गाडीची वेळ झाली की फाटक उघडतं, पासपोर्ट टेकवायचा आणि आत जायचं. कागदाचं तिकीट नाहीच. आक्का सारख्या विचारत होत्या, "तिकीट कुटं हाय? पाकिटात ठिवलंस ना?" पासपोर्टच तिकीट आहे हे त्यांना गाडी सुटेपर्यंत पटलं नाही.

गाडी सुटली तेही कळलं नाही. काष्टीच्या स्टेशनावर गाडी हलते तेव्हा आधी धक्का बसतो, मग माणूस सावरतो, मग गाव मागे पडतं. इथे धक्का नाहीच. खिडकीबाहेरचा खांब सरकला म्हणून आम्हाला समजलं. डब्याच्या दारावर वेग लिहून येत होता. आकडा साडेतीनशेच्या जवळ जाऊन थांबला, तेव्हा आक्कांनी विचारलं, "उज्ज्वला, हितं बिरेक दाबला तर गाडी थांबंल कुटं?"

"दौंडला दाबला तर काष्टीला थांबेल," मी ठोकून दिलं.

त्यांनी थोडा विचार केला. "मंग मधी मानूस आला तर मेलाच की."

मधी माणूस येतच नाही, कारण रूळ जमिनीवर नाहीत. मैलोन् मैल खांबांवरून गाडी जाते आणि खाली शेतं, तळी, घरं आपापल्या जागी असतात. मला त्या वेगापेक्षा हेच जास्त आवडलं. कोणाच्या शेताचे दोन तुकडे झालेले नाहीत, फाटकापाशी बैलगाडी ताटकळत नाही.

प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ आहे. लोक काचेच्या बाटल्यांत चहाची पानं घालून उठतात, पाणी भरून आणतात आणि तीच पानं प्रवासभर पितात. ना साखर, ना दूध. मी एकदा चाखून बघितला आणि घरून आणलेल्या कॉफीच्या पुड्या काढल्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सूर्यफुलाच्या बिया दातात फोडून खायचे आणि टरफलं रुमालात जमा करायचे. त्यांनी ओंजळभर बिया आक्कांपुढे केल्या. आक्कांनी परतफेड म्हणून दशमीच्या तुकड्यावर शेंगदाण्याची चटणी ठेवून दिली. मला धाकधूक, आता हे पाणी मागणार. म्हातारबाबांनी खाल्लं, ओठ पुसले आणि हात पुढे केला: अजून. मग त्यांनी मोबाईलवर बोलून माझ्याकडे धरला. मोबाईल हिंदीत म्हणाला, "मेरे गाँव में इससे तीखा है।" शीआनकडची माणसं तिखटाची आहेत हे आम्हाला असं कळलं.

दुपारच्या सुमाराला आक्कांनी कपाळ काचेला टेकवलं. खिडकीबाहेर गहू होता. आपल्याकडचा गहू मार्चात निघतो; तिथे मे महिना संपत आला तरी उभा होता, पिवळा, आणि नजर जाईल तिथपर्यंत दुसरं काही नाही. बांध दिसत नव्हते. कुठे तरी लाल यंत्र कापणी करत चाललं होतं, त्यामागे धूळ. गाडी इतक्या वेगात असूनही गहू संपेना.

"आटवड्यात निघंल," आक्का म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "येवढा गहू हाय ह्यांच्याकडं. कुरडी मातर करत न्हाईत."

पुढे डोंगर आले, बोगदे आले. पिवळ्या मातीच्या उभ्या दरडी, त्यात कोरलेल्या जुन्या गुहा, आणि सगळीकडे कोरड्या हवेचा रंग. आमच्या श्रीगोंद्याकडच्या माळाला कुणी उभं चिरावं तसं. परका मुलुख वाटला नाही.

शीआन

स्टेशनाबाहेर एक मुलगी देवनागरीत "स्वागतम्" लिहिलेला कागद धरून उभी होती. ही आमची दुभाषी. तिचं खरं नाव लिन, पण कॉलेजात हिंदी शिकताना सगळ्यांना भारतीय नावं देतात, तिला सरिता मिळालं होतं. वय तिशीच्या आत. हिंदी अशी की आपल्याकडे कोणी बोलत नाही.

"नमस्ते। क्या आपकी यात्रा सुखद रही?"

"काय म्हनती?" आक्का.

"प्रवास सुखाचा झाला का, विचारतेय."

"सांग तिला, पाळन्यात निजून आल्यावानी झाला."

मी हिंदीत सांगितलं. सरिताने 'पाळणा' शब्द लगेच मोबाईलमध्ये उतरवून घेतला. पुढचे सगळे दिवस ती आमच्याकडून शब्द घेत राहिली आणि आम्ही तिच्याकडून मदत.

पहिलं काम गव्हाचं. तो जप्त झाला होता, म्हणून सरिताने मोबाईलवरच मागवला आणि आम्ही हॉटेलात पोहोचायच्या आत पोतं दारात आलं होतं. आक्कांनी दाणा दाताखाली धरला. "बारीक हाय, टनक हाय. पन चालंल." कुरडईला गहू तीन दिवस भिजवावा लागतो, रोज पाणी बदलून. हॉटेलात बादली नव्हती. आम्ही प्लास्टिकचे दोन टब विकत आणले आणि न्हाणीघरात गहू भिजत घातला. एवढ्या चकचकीत न्हाणीघरात गव्हाचे टब बघून मला हसू आवरेना. आक्का शांतपणे म्हणाल्या, "पानी चांगलं हाय हितलं."

कारखाना

कारखान्याचे मालक मा साहेब. पन्नाशीचे, ठेंगणे, पायात कापडी जोडे. मालक म्हणून मी खुर्चीत बसलेला माणूस मनात धरला होता. हे हातात पाना घेऊनच भेटले. यंत्रं तेच आखतात, तेच उघडतात, बिघडली की तेच आडवे होऊन खाली शिरतात.

त्यांनी आमच्यासाठी यंत्र तयार ठेवलं होतं. एका माणसाने पांढऱ्या भुकटीची गोणी फोडली. गव्हाचं तयार सत्त्व, कारखान्यात काढलेलं. पाणी, वाफ, एक बटण, आणि दुसऱ्या टोकाने पांढऱ्याशुभ्र शेवया सरसर बाहेर. एक तुटली नाही. कापणारं पातं त्या एकसारख्या लांबीवर कापत होतं, पट्टा त्यांना वाळवणाच्या खोलीत नेत होता. कोणाचा हात कुठेच लागत नव्हता.

मा साहेब बोलले, सरिताने सांगितलं, "ये कहते हैं, भिगोने की आवश्यकता नहीं, छानने की नहीं, दुर्गंध भी नहीं। वर्ष भर उत्पादन संभव है।"

खरं सांगते, माझा जीव त्यात गुंतला. बारा महिने माल, पावसाळ्यातसुद्धा. ऊन पाहायचं नाही, बायांची वाट पाहायची नाही. पुण्याचे दुकानदार पांढरी कुरडईच मागतात. ही तर दुधासारखी होती. मी नळी पाहिली, वाफेची जोडणी पाहिली, सुटे भाग कुठून मिळतील ते विचारलं, मोटरीला आमच्याकडची वीज चालेल का ते विचारलं. मा साहेब प्रत्येक प्रश्नाला उठून जागेवर दाखवत होते. धंदा करणारा माणूस भाषा नसतानाही ओळखू येतो.

आक्का एका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी एक शेवई चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली आणि परत पट्ट्यावर टाकली.

गावकुसाची भिंत

शीआनच्या जुन्या शहराभोवती दगडविटांची तटबंदी आहे, अजून अखंड. वरून चार बैलगाड्या शेजारी शेजारी धावतील एवढी रुंद. लोक तिथे भाड्याच्या सायकली फिरवतात. आम्ही चालत निघालो. एका बाजूला कौलारू जुनी घरं, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती, खाली झाडांच्या सावलीत म्हातारी माणसं पत्ते खेळत बसलेली. सरिता पाण्याच्या बाटल्या आणायला गेली तशा आक्का कट्ट्यावर बसल्या.

"उज्ज्वला, ते यंतर घे."

"खरंच म्हणताय?"

"खरंच. भुकटीतनं येवढं सरळ निघतंय तर घे. पन मंग मला कशाला आनलंस येवढ्या लांब? गहू भिजवायचा न्हाई, चीक वढायचा न्हाई, शिजवायचा न्हाई. मी काय करू, पाकिटावर चिकटपट्टी लावू?"

"आक्का, तुमच्या खांद्यासाठीच चाललंय ना हे सगळं."

"खांदा दुकतोय म्हनून मानसाला घरी बसवत्यात व्हय? हात दुकतोय माजा. मी न्हाई दुकत."

त्या रडत नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या. समोरच्या सायकली बघत होत्या. वीस वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला, एका शेडमध्ये राबलो, आणि त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फक्त त्यांची आहे हे मला तिथे, त्या परक्या शहराच्या भिंतीवर कळलं. ती काढून घेऊन मी त्यांना विश्रांती द्यायला निघाले होते.

मी म्हणाले, "आपला गहू भिजतोय. आपला चीक त्या यंत्रातून काढायचा. निघाला तर यंत्र घ्यायचं. नाही निघाला तर मोकळ्या हाताने घरी जायचं. भुकटी नाही."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "तुजं नुकसान व्हईल."

"होऊ द्या."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी हे बोलले नव्हते. कारखान्यातून निघताना मीही एक शेवई तोंडात टाकली होती. तिला चव नव्हती. आमच्या कुरडईला जो आंबूस वास असतो, तळताना घरभर होतो तो, त्याच्यासाठीच गिऱ्हाईक परत येतं. पांढऱ्या रंगामागे लागून मी तेच सोडून देणार होते. हा हिशेब मला त्या भिंतीवरच लागला, आणि एकदा लागल्यावर मन हलकं झालं. खाली उतरून आम्ही भाजलेल्या रताळ्याची गाडी गाठली आणि दोघींनी पोटभर खाल्लं.

चाओकाकूंचं दुकान

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या व्यवस्थापक बाई दारात. खोलीतून वास येतो, शेजारच्यांची तक्रार आहे. भिजल्या गव्हाचा वास आक्कांना अत्तरासारखा, चीनमध्ये नाही. टब आजच्या आज हलवा, असं त्यांनी अतिशय गोड शब्दांत सांगितलं. सरिताने डोकं खाजवलं आणि फोन लावला. तिच्या मावशीचं खाण्याचं दुकान होतं. आम्ही टॅक्सीत बसलो. एक टब माझ्या मांडीवर, एक आक्कांच्या. प्रत्येक वळणाला थोडं पाणी साड्यांवर.

मावशींचं आडनाव चाओ. त्या आक्कांच्याच वयाच्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. कोण, कुठले, काही न विचारता त्यांनी टबात हात घातला, दाणा चिमटीत दाबला. पांढरं दूध निघालं. मग आम्हाला मागे नेऊन स्वतःचे डेरे दाखवले. आक्का तिथेच थबकल्या.

"उज्ज्वला, हितं तर चीक हाय!"

खरंच होता. शीआनमध्ये लियांगपी म्हणून पदार्थ खातात. कणीक मळून ती पाण्यात चोळत राहायची, म्हणजे सत्त्व पाण्यात उतरतं. ते पाणी बसू द्यायचं, वरची निवळ ओतून टाकायची, खालचा घट्ट चीक पसरट ताटात वाफवायचा. त्याच्या पारदर्शक पोळ्या होतात. त्या कापून रुंद पट्ट्या करतात आणि वर आंबट शिरका, लसणाचं पाणी, लाल तिखटाचं तेल. गारच खातात. आक्का मांसाहार करत नाहीत, म्हणून तीन दिवस त्या दशमी-चटणी आणि रताळ्यांवर काढत होत्या. इथे त्यांनी वाटी संपवली आणि दुसरी मागितली.

कणीक चोळून मागे जो रबरासारखा गोळा उरतो, तो चाओकाकू वाफवून त्याचे तुकडे लियांगपीवर घालतात. आक्कांनी सांगितलं, आमी चोथ्याच्या भुसवड्या करतो. मी ते हिंदीत कसंबसं सांगितलं, सरिताने चिनीत. कितपत पोचलं देव जाणे, पण चाओकाकूंनी मान डोलावली: म्हणजे टाकत नाही ना, झालं तर.

त्यांच्याकडे सोयाबीन दळायचं यंत्र होतं. गहू पुरता भिजल्यावर त्यावर वाटला, त्यांच्याच कापडातून चीक गाळला. आक्का पिळायच्या, डावा हात जास्त वापरून. चाओकाकूंनी एकदा ते पाहिलं, आक्कांना कोपराने हळूच बाजूला केलं आणि स्वतः पिळायला लागल्या. आक्कांनी आयुष्यात कोणाला चिकाला हात लावू दिला नव्हता. त्या बाजूला झाल्या आणि निमूट पाणी ओतू लागल्या.

चाचणी

बसलेला चीक डेऱ्यात घालून, तोंडाला फडकं बांधून आम्ही कारखान्यात नेला. तिथल्या भटारखान्यातल्या भल्या मोठ्या कढईत आक्कांनी पाणी उकळलं, मीठ टाकलं, हिंग टाकला. हिंगाचा वास सुटताच दोन माणसांनी खिडक्या उघडल्या. चीक ओतून आक्का घाटत राहिल्या, मी कढई धरली. तो काचेसारखा चमकायला लागला तशा म्हणाल्या, "झाला. न्या."

यंत्रात घातला. पहिली वीतभर तार सुरेख आली. मग फट् आवाज. मग फट् फट्. तार तुटून तुकडे पडायला लागले.

मा साहेबांनी बटण बंद केलं. पाणी जास्त झालं, म्हणाले. आक्कांनी ठणकावलं, "पानी बराबर हाय. यंतर चुकतंय." सरिता बिचारी दोघांच्या मध्ये उभी. तिने काय भाषांतर केलं मला माहीत नाही, पण मा साहेब हसले, आत गेले आणि सुरी घेऊन आले. कढईतल्या चिकाचा गोळा काढून त्यांनी मधोमध कापला आणि आक्कांपुढे धरला. आत भोकं होती, बारीक बारीक, पावासारखी.

आक्कांनी चष्मा लावून पाहिलं. "व्हय गं. वारा धरलाय."

आंबलेल्या चिकात हवा असते. भुकटीच्या लगद्यात ती नसते, म्हणून त्यांचं यंत्र कधी अडलं नव्हतं. आणि घरी आम्हाला ती कधी जाणवली नाही, कारण सोऱ्यात भरताना आक्का प्रत्येक गोळा तळहाताने आपटून आपटून बसवतात. हवा तिथेच निघून जाते. हे त्या वर्षानुवर्षं करत होत्या, पण कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मा साहेबांनी विचारलं, दाखवा कसं आपटता ते. आक्कांनी दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं आणि पाना उचलला.

त्या दिवशी त्या माणसाने जेवण घेतलं नाही. आतला दाबाचा स्क्रू बदलला, आधी माल दडपून मग पुढे सरकेल असा दुसरा बसवला, हवा निघायला वर भोक पाडलं, वेग कमी केला. आम्ही घरून सोऱ्याची पितळी चकती नेली होती, ती मोजून त्यांनी स्वतः नवी चकती पाडली. आक्का मदतीला म्हणून बाजूला बसल्या होत्या आणि मराठीत सूचना देत होत्या. मा साहेब चिनीत उत्तरं देत होते. मधल्या काळात सरिता आणि मी नुसत्या बघत राहिलो, कारण आमची गरज कोणालाच नव्हती.

आक्कांनी उरलेला चीक नव्याने शिजवला. दुसऱ्यांदा तार आली, लांब, सलग, किंचित पिवळसर. तुटेना. आक्का उठल्या, फडकं पसरलं, तारेखाली हात धरला आणि मनगट फिरवलं. गोल गोल, एकावर एक. पहिली कुरडई फडक्यावर पडली.

मा साहेब उत्साहाने म्हणाले, गोल फिरवायचंही यंत्र करून देतो, कापायला पातं, वाळवायला पट्टा. आक्कांनी मान हलवली. "नगं. दाबायचं काम तुमच्या यंत्राचं. गोल आमी करू." इथून पुढचं काम माझं होतं. मी सरिताला म्हणाले, "मा साहेबांना सांग, पातं नको, पट्टा नको, वाळवणाची खोली नको. दाबणारा भाग आणि वाफेची नळी तेवढी द्या, आणि आज बदललंत ते सगळं त्यात हवं." ते आढेवेढे घेऊ लागले, एवढं लहान यंत्र आम्ही विकत नाही म्हणाले. मी म्हणाले, "आज सकाळपर्यंत आंबलेला चीक चालवणारं यंत्र तुमच्याकडे नव्हतं. आता आहे. ते तुम्ही आणखी कोणालाही विकू शकता." सरिता भाषांतर करताना हसत होती. मा साहेबांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

कुरडया कारखान्याच्या अंगणात वाळल्या. तिथलं ऊन आपल्यासारखंच कोरडं आहे. शेवटच्या दिवशी त्या चाओकाकूंच्या दुकानात तळल्या. तेलात पडताच कुरडई फुलून कढईभर झाली आणि चाओकाकू दोन पावलं मागे सरकल्या. मग एक तुकडा मोडला, खाल्ला, आणि सरिताला चिनीत काहीतरी सांगितलं.

सरिता म्हणाली, "मौसी कहती हैं, इतना परिश्रम, और वस्तु इतनी हल्की!"

"हल्की हाय म्हनून तर लोक च्यार च्यार खात्यात," आक्का म्हणाल्या.

काष्टी

यंत्र समुद्रमार्गे आलं, ट्रकमधून उतरलं, शेडमध्ये बसलं. यंदा शिमगा झाल्यावर पहिल्या चिकाच्या दिवशी आम्ही बाजाराचा मुहूर्त साधून छोटा कार्यक्रम ठेवला. सरपंच आले, बँकेचे साहेब आले, गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. कांदे काढायला गेलेल्या त्याही आल्या. यंत्राला हार घातला, नारळ फुटला, वाफ धरली, पेढे वाटून झाले. आक्का डेऱ्यापाशी गेल्या. बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या. "आजून एक दिस ऱ्हाऊ द्या. पुरता आंबला न्हाई."

सरपंच हसून म्हणाले, "हिराबाई, नुसतं चालू करून दाखवा की. फोटोपुरतं."

"फोटू काडा, पेढं खा. चीक उद्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. यंत्र वाफ टाकत उभं होतं, बँकेच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि बायांना म्हणाले, "उद्या सकाळी या."